टँक : एका शब्दाचे पाणी

(दीर्घ धागा)

१.
सन १९१६. लंडनच्या मॅकमिलन कंपनीने रॉबर्ट व्हेन रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वैनगंगेच्या खोऱ्यातील कोहळी समाजावर एक प्रकरण आहे आणि त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी एक शब्द आहे : ‘टँक’. त्याच वर्षी १५ सप्टेंबरच्या पहाटे फ्रान्समध्ये, सोमच्या रणभूमीवर, पोलादी यंत्रे चिखल तुडवीत जर्मन खंदकांवर चालून गेली. त्यांचेही नाव होते ‘टँक’.

२.
एका टँकमध्ये धानाला लागणारे पाणी होते, तर दुसऱ्यात तोफा होत्या. एकाच भाषेत, एकाच वर्षी, एकच शब्द इतक्या दूरच्या दोन वस्तूंना कसा लागू झाला? या प्रश्नाच्या मागे गेले की वाट लिस्बनहून कालिकतला, मुंबईहून लिंकनला आणि शेवटी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीला येऊन पोचते. शब्दाच्या या प्रवासात काही अर्थ मिळाले, काही हरवले. हरवलेल्या अर्थाची किंमत साकोलीच्या परिसराने मोजली आहे.

३.
आज मुंबई-कोलकाता महामार्गावरचे तालुक्याचे ठिकाण म्हणून साकोली ओळखली जाते. ब्रिटिश काळातली साकोली तहसील मात्र बरीच विस्तीर्ण होती. आता गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावबांधचा परिसरही तिच्यातच मोडत असे. (गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला.) या मुलखाच्या नकाशावर गावांची नावे पाहावीत : नवेगावबांध, सिरेगावबांध, शिवनीबांध. तलाव गावाच्या शेजारी असतो, हे सर्वत्रच दिसते. येथे तो गावाच्या नावातच येऊन बसला आहे.

४.
हे तलाव बांधणाऱ्यांत अग्रक्रम लागतो तो कोहळी समाजाचा. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना या लोकांना सोबत आणले, अशी त्यांची परंपरा सांगते. जंगल तोडावे, ओढा अडवावा, तलाव बांधावा आणि त्या पाण्याखाली येईल ती जमीन कसावी, असा तो व्यवहार होता. परंपरा शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. पण तिने जपलेला विचार लक्षात घेण्याजोगा आहे : जो पाणी अडवील, त्याचा जमिनीवर हक्क.

५.
या परंपरेचा मेरुमणी म्हणजे नवेगावचा बांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे मानले जाते. सभोवतालच्या डोंगरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. त्या डोंगरांमधल्या मोकळ्या जागा मातीच्या पाळींनी बुजवून हा विस्तीर्ण जलाशय उभा राहिला. बांधणाऱ्याला लोकांनी पुढे देवपण दिले. कोलासूर देव म्हणून त्याची पूजा होऊ लागली. राजे आणि संत यांना देवत्व लाभल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. पाटबंधारे बांधणाऱ्याला ते लाभावे, हे विरळाच.

६.
हा तलाव काम कसा करतो? भंडाऱ्याकडे पाऊस पुष्कळ पडतो. अडचण असते ती त्याच्या वेळेची. रोवणी होते, धान वाढते आणि नेमके लोंबी भरण्याच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस दडी मारतो. तेव्हा पाळीतून पाणी सोडले जाते. ते पाटाने एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जाते. (‘बांधी’ म्हणजे भोवती मातीचा धुरा घातलेला धानाचा तुकडा.) वरचा तलाव भरला की त्याचे सांडपाणी खालच्या तलावात जाते. उरलेल्या पाण्यावर ऊस होतो. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी होते. मासे आणि शिंगाडे यांवर ढिवर कुटुंबांची गुजराण चालते.

७.
थोडक्यात, तलाव ही एक साखळी आहे : वरचे जंगल, पाळ, पाट, बांधी, गाळ, मासे आणि या सगळ्यांची वाटणी ठरवणारी माणसे. लहान असेल तर तिला ‘बोडी’ म्हणतात. या सगळ्यासाठी इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या अहवालात एकच शब्द लिहिला : टँक. तो त्याने विलायतेहून खास आणलेला नव्हता. हिंदुस्थानात आलेल्या प्रत्येक युरोपियनाच्या तोंडी तो आधीच रुळला होता.

८.
मग शब्द मूळचा कोणाचा? हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला. या शब्दापाशी ते दोघे घुटमळले आहेत. काही शब्दांना दोन उगम असल्यासारखे दिसते, एक भारतीय आणि एक युरोपीय, आणि ‘टँक’ हा अशा चकवणाऱ्या शब्दांपैकी एक आहे, असा त्यांचा अभिप्राय. दोन्ही उगम तपासण्यासारखे आहेत.

९.
पहिला उगम आपल्याकडचा. होरेस हेमन विल्सन यांच्या १८५५ च्या महसुली शब्दकोशात ‘टांकें’ हा शब्द मराठी म्हणून नोंदला आहे आणि त्याचे गुजराती भावंडही दिले आहे. अर्थ : पाण्याचा साठा, युरोपियन लोक ज्याला टँक म्हणतात तो. गुजरातेत घराखाली पावसाचे पाणी साठवण्याची टांकी असत. महाराष्ट्रातल्या गडांवर कातळात कोरलेली टाकी आहेत. शिवनेरीचे गंगा-जमुना टाके आणि सिंहगडाचे देवटाके कोणाला ठाऊक नाही?

१०.
मराठीत ‘टाकी’ म्हणजे पाथरवटाची छिन्नीही. संस्कृत ‘टंक’ या शब्दालाही छिन्नी हा अर्थ आहे. टाकीने कोरले ते टाके, ही व्युत्पत्ती मराठी कानाला तत्काळ पटते. मात्र कानाला पटणे हा पुरावा नव्हे. शिवाय ‘टंक’ हे नाण्याचे नि वजनाचेही नाव होते. टका, टांकसाळ आणि आजचे टंकलेखन ही त्या कुळातली मंडळी. ध्वनी सारखे असले तरी कुळे निराळी असू शकतात.

११.
येथे एक जुना साक्षीदार बोलावता येतो. कान्हेरी आणि जुन्नर येथील लेण्यांमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळापासून दानलेख कोरलेले आहेत. पाण्याची टाकी दान केल्याच्या नोंदी त्यांत वारंवार येतात. त्या प्राकृत लेखांत शब्द येतो ‘पोढी’. म्हणजे वस्तू तीच, कातळात कोरलेली. नाव मात्र वेगळे. आपण ज्याला सहज ‘टाके’ म्हणतो, त्याचेही नाव कधीकाळी दुसरे होते. वस्तू टिकते आणि नावे बदलतात, हा नियम पुढे कामी येईल.

१२.
दुसरा उगम पोर्तुगालचा. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीची रोजनिशी उपलब्ध आहे. १४९८ मध्ये कालिकतला मंदिराजवळचे घडीव दगडांचे तळे पाहून रोजनिशीकाराने त्याला ‘तांके’ म्हटले. हा माणूस नुकताच किनाऱ्यावर उतरला होता. गुजराती किंवा मराठी शब्द उचलायला त्याला अवधीच नव्हता. तेव्हा हा शब्द त्याने घरूनच आणला असणार. लॅटिनमधील ‘स्ताग्नुम’ म्हणजे साचलेले पाणी. फ्रेंच ‘एतां’, म्हणजे तळे, आणि इंग्रजी ‘स्टॅग्नंट’ हे त्याचेच वंशज. पोर्तुगीज शब्दही त्याच घराण्यातला, असे एक मत.

१३.
दुसरे मत अधिक रंजक आहे. त्यानुसार ‘तांके’ हा शब्द ‘एश्तांकार’ या पोर्तुगीज क्रियापदावरून आला. त्याचा अर्थ पाणी अडवणे, प्रवाह थोपवणे. हे मत खरे धरले तर नवल वाटावे असे साम्य समोर येते. साकोलीच्या शेतकऱ्याने आपल्या तलावाला ‘बांध’ म्हटले ते पाणी अडवण्याच्या कृतीवरून. लिस्बनच्या माणसानेही आपल्या तळ्याला नाव दिले ते त्याच कृतीवरून. दोघांची गाठभेट कधी झाली नाही, पण विचार एकाच दिशेने गेला.

१४.
निकाल काय? बहुतेक कोश दोन्ही प्रवाह मान्य करतात. पोर्तुगीज ‘तांके’ आणि पश्चिम किनाऱ्यावरचे ‘टांके’ एकमेकांना भेटले, एकमेकांत मिसळले आणि सतराव्या शतकात इंग्रजांनी त्या संगमातून ‘टँक’ उचलला. मुंबईच्या स्थलनामांत हा संगम अजून वाहतो : बाणगंगा टँक, सी. पी. टँक, गवालिया टँक. १९४२ च्या ८ ऑगस्टला ‘छोडो भारत’चा ठराव जेथे झाला, त्या मैदानाच्या नावात एक टँक आहे. तेथे पाणी मात्र नाही.

१५.
इंग्लंडला पोचल्यावर या शब्दाचे रूपांतर सुरू झाले. हिंदुस्थानात टँक म्हणजे भूभागाचा एक हिस्सा होता : त्याला काठ होता, पाळ होती, गाव होते. इंग्लंडात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच टँक म्हणजे द्रव साठवण्याचे मोठे भांडे, असा अर्थ रूढ होऊ लागला. पुढे रेल्वेच्या इंजिनावर पाण्याचा टँक चढला, मोटारीत पेट्रोलचा टँक आला, दिवाणखान्यात माशांचा टँक आला. तलावाची टाकी झाली आणि टाकी चालू लागली.

१६.
चालू लागलेल्या टाकीने १९१५ मध्ये कळस गाठला. फेब्रुवारीत ब्रिटिश नौदल खात्याने, विन्स्टन चर्चिल यांच्या पुढाकाराने, ‘लँडशिप’ म्हणजे ‘जमिनीवरचे जहाज’ तयार करण्यासाठी समिती नेमली. काम लिंकन शहरातील विल्यम फॉस्टर कंपनीकडे गेले. मोठा प्रश्न होता गुप्ततेचा. कारखान्यात एवढाले पोलादी सांगाडे उभे राहतात ते कशासाठी, असे कोणी विचारले तर काय सांगायचे? ठरले ते असे : मेसोपोटेमियासाठी पाणी वाहून नेणारी वाहने बनत आहेत.

१७.
थाप चपखल होती, कारण मेसोपोटेमियात खरोखरच युद्ध पेटले होते आणि पाण्याची वाणवाही खरी होती. तेथे लढत होती हिंदी लष्कराची सहावी, म्हणजे पुणे, डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. कुतच्या वेढ्यात ही डिव्हिजन अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरणागती पत्करावी लागली. ज्या शब्दाच्या रक्तात मराठी ‘टांकें’ असण्याचा संभव आहे, तो एका यंत्राचा बुरखा झाला. त्या बुरख्याला खरेपणा लाभला तो मराठी सैनिक ज्या रणभूमीवर झुंजत होते तिच्यामुळे.

१८.
डिसेंबर १९१५ मध्ये अधिकृत टोपणनाव निवडण्याची वेळ आली. हौद, जलाशय अशा अर्थांचे इतर इंग्रजी शब्दही विचारात घेतले गेले. निवड झाली ती आटोपशीर, एकाक्षरी ‘टँक’ची. त्याच महिन्याच्या ३० तारखेला ‘पर्शिया’ हे प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने भूमध्य समुद्रात बुडवले. त्या जहाजावर रसेल होते. कोहळ्यांच्या टँकांविषयी लिहिणारा हा अधिकारी आपला ग्रंथ छापून आलेला पाहू शकला नाही.

१९.
१५ सप्टेंबर १९१६ च्या हल्ल्यासाठी नेमलेल्या ४९ रणगाड्यांपैकी ३२ तेवढे प्रारंभरेषेपर्यंत पोचले. तरी खळबळ उडायची ती उडाली. तात्पुरते टोपणनाव कायमचे नाव झाले. मराठीने पुढे ‘रणगाडा’ असा स्वतंत्र शब्द घडवला आणि तो चांगला रुजला. इंग्रजीत मात्र तलाव आणि रणगाडा आजही एकाच शब्दाखाली नांदतात.

२०.
अर्थांची ही वंशवेल पुढेही वाढत गेली. पोहण्याच्या तलावाला टँक म्हणत, त्यावरून पोहण्याचा ‘टँक सूट’ आणि त्यावरून बिनबाह्यांचा ‘टँक टॉप’ आला. डोक्याला गमतीने ‘थिंक टँक’ म्हणत, तेच नाव पुढे धोरण-अभ्यास करणाऱ्या संस्थांना मिळाले. ठरवून हरणाऱ्या मुष्टियोद्ध्याला तो ‘टँकमध्ये गेला’ म्हणू लागले. तळे, भांडे, शस्त्र, वस्त्र, बुद्धी, पराभव : एवढे अर्थ पोटात घेऊनही हा शब्द इंग्रजी बोलणाऱ्याला कधी जड वाटला नाही.

२१.
आता पुन्हा साकोली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्या दशकातल्या जमीनबंदोबस्तात गावोगावच्या मालगुजारांना मालकीहक्क मिळाले. ‘माल’ म्हणजे महसूल आणि ‘गुजार’ म्हणजे भरणारा. मालगुजार म्हणजे सारा भरणारा. जो सरकारात सारा भरत होता, तो कागदावर गावाचा मालक झाला. गावाबरोबर तलावही त्याचा झाला. तलावाची डागडुजी करणे ही त्याची जबाबदारी, तर पाणी आणि गाळ वापरणे हा गावाचा निस्तारहक्क, अशी रीत होती. या व्यवस्थेत वेठ होती आणि विषमताही होती. पण फुटलेली पाळ कोणी बुजवायची, याचे उत्तर ठरलेले होते.

२२.
१९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातले मालकीहक्क रद्द झाले. (भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता.) ३१ मार्च १९५१ पासून तलाव शासनाचे झाले. मालगुजारी गेली हे न्याय्यच होते. पण तलावांचे कागदोपत्री नाव काय ठेवायचे? उत्तर निघाले ‘माजी मालगुजारी तलाव’, संक्षेपात ‘मा. मा. तलाव’. आणि लोकांच्या तोंडी झाले ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. बाहेरच्या माणसाला वाटते, कोणा मामाने बांधले असावेत.

२३.
या नावात काय आहे, ते नीट पाहिले पाहिजे. त्यात बांधणारा नाही, पाणी वापरणारा नाही, गाव नाही. आहे तो फक्त सारा भरणारा, आणि तोही ‘माजी’. म्हणजे जो आता नाही, त्याच्या नावाने तलाव ओळखला जातो. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले आणि मोठे पाटबंधारे विभागाकडे. मासेमारीचा व्यवहार सहकारी संस्थांकडे आला. वरचे जंगल वनखात्याचे. पूर्वीची साखळी निरनिराळ्या दप्तरांत विभागली गेली. पाळ फुटली की गावाने अर्ज करायचा आणि वाट पाहायची.

२४.
‘टँक’ या शब्दाने काय हिरावले, ते येथे कळते. दोष शब्दाचा नव्हे, त्याच्याबरोबर आलेल्या दृष्टीचा. टँक म्हणजे भांडे, असे एकदा मनात बसले की तलावाविषयी एकच प्रश्न उरतो : पाणी किती मावते? मग उपायही एकच, गाळ काढा. २०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली. शेताला गाळ मिळणे चांगलेच, आणि ती जुनीच रीत. परंतु खोदण्याचे घनमीटर मोजले जातात. बुजलेले पाट, वरचे तुटलेले जंगल आणि उथळ काठावर वाढणाऱ्या पाणवनस्पती मोजणीत येत नाहीत.

२५.
उथळ काठावर मासे अंडी घालतात, पाणपक्षी चरतात. सरसकट खोल खणलेल्या तलावात पाणी मावते, पण जीव थारत नाहीत. बेशरमाचे झुडूप मात्र कोठेही माजते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांना सोबत घेऊन तलावांतले बेशरम उपटण्याचे आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. विचारले कोणी नव्हते, एवढेच.

२६.
आणि शब्दाचा शेवटचा फेरा. ‘टँक’वरून ‘टँकर’ झाला. तो प्रथम तेलवाहू जहाज होता, मग मालमोटार झाला आणि उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या खेडोपाडी पाणी घेऊन येऊ लागला. ज्या किनाऱ्यावरून ‘टांकें’ बाहेर पडले असे कोशकार सांगतात, त्याच मुलखात तो शब्द चाके लावून परत आला. साठवणारा शब्द वाहून आणणारा झाला. गावाने पाणी अडवण्याची विद्या जितकी सोडली, तितकी टँकरची वाट पाहावी लागली.

२७.
इतिहासाच्या अभ्यासात शब्दांची व्युत्पत्ती हा बहुधा विरंगुळ्याचा विषय मानला जातो. साकोलीच्या परिसरात तो मालकीचा, डागडुजीचा आणि पोटाचा विषय ठरतो. ‘बांध’ या नावात माणसाचे हात दिसतात. ‘टँक’मध्ये भांडे दिसते. ‘मामा’मध्ये जुन्या मालकाची सावली. तिन्ही नावे एकाच पाण्याची आहेत, पण दुरुस्तीचा प्रश्न निघाला की प्रत्येक नाव वेगळ्या दाराकडे बोट दाखवते.

२८.
भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या वाचकांना एक विनंती. आपल्या गावच्या तलावाला किंवा बोडीला जुनी माणसे काय म्हणतात, ती कोणी बांधल्याचे सांगतात, आणि महसुली कागदावर तिचे नाव काय आहे, हे तिन्ही खाली नोंदवावे. गावातली नावे सांगणारी पिढी आता थकत चालली आहे, आणि तिच्या तोंडची नावे कोणत्याही दप्तरात सापडणार नाहीत.

(धागा समाप्त)